जर्मनची भांडी आणि चायना माल

जगात कुठल्या देशाचं नाव चांगलं आणि कुठल्याचं वाईट, याच्या हल्ली रीतसर पाहण्या होतात. सायमन अ‍ॅनहोल्ट यांनी 2005 साली सुरू केलेली अशी एक पाहणी प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या देशांतल्या हजारो लोकांना विचारतात, अमुक देशाचा माल कसा, माणसं कशी, कारभार कसा? 2017 ते 2022 अशी सलग सहा वर्षं त्यात जर्मनी पहिला होता. 2023 मध्ये जपानने त्याला मागे टाकलं. हे वाचून गंमत वाटली. कारण एके काळी या दोन्ही देशांची नावं हलक्या मालासाठी घेतली जात.

जर्मनीचं बघा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डचे चाकू-सुऱ्या नावाजलेल्या. जर्मनीतल्या सोलिंगेनचे कारखानदार आपल्या मालावर शेफील्डचा शिक्का मारतात, अशी इंग्रजांची तक्रार होती. म्हणून 1887 साली ब्रिटनने कायदा केला, की परदेशी माल कुठला ते त्यावर स्पष्ट लिहा. 'मेड इन जर्मनी' वाचून गिऱ्हाइकाने वस्तू खाली ठेवावी हा हेतू. झालं उलटंच! माल सुधारत गेला आणि तीच अक्षरं खात्रीची खूण ठरली.

आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणत. तांब्या-पितळेपुढे ती गरिबाघरची. म्हणजे जर्मन यंत्र उत्तम आणि जर्मनचं पातेलं स्वस्तातलं, असे दोन्ही अर्थ मराठीत सुखाने नांदले.

जपानची कथा याहून वळणाची. 1905 साली जपानने रशियाला हरवलं आणि आशियाभर त्याचा मान वाढला. 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तिथे शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेचं तंत्र जपानमध्ये शिकून आले होते. म्हणजे तेव्हा जपान गुरुस्थानी! पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्वस्त जपानी कापड आणि खेळणी बाजारात आली, आणि 'जपानी माल' म्हणजे दिसायला छान, टिकायला बेताचा, असं लोक म्हणू लागले. 1950 साली डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञाने तिथे दर्जा कसा राखावा यावर व्याख्यानं दिली. जपान्यांनी ती मनावर घेतली, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू केलं. पंचवीस-तीस वर्षांत मुंबईत जपानी टेपरेकॉर्डर घरात असणं ही मिरवायची गोष्ट झाली. 1983 साली सुझुकीच्या साथीने मारुती आली, मग तर विचारायलाच नको.

जुन्या काळीही हेच होतं. 'फिरंगी' शब्दात तिरस्कार आहे. पण युरोपी पात्याच्या तलवारीला मराठे 'फिरंग' म्हणत आणि ती आवडीने बाळगत. राग माणसावर, भरवसा पोलादावर!

आता पाळी चीनची. बोरिवली स्टेशनबाहेर वस्तू घेताना आपणच हसत म्हणतो, "चायना माल, गॅरंटी नाही." पण 8 जून 2014 पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावते आहे, तिचे डबे चीनमधल्या नानजिंगचे आहेत. डबा कुठला हे विचारून कोणी जिना चढत नाही. 2022 मध्ये दहिसरकडून अंधेरीच्या बाजूला येणाऱ्या दोन मेट्रो सुरू झाल्या. त्यांचे डबे बंगळुरूच्या बीईएमएल या आपल्या सरकारी कारखान्यातले. 'भारतीय माल' या शब्दांचा पुढे काय अर्थ होईल ते अशाच डब्यांच्या टिकाऊपणावर ठरेल, घोषणांवर नाही.

मालाची बदनामी अशी कामाने पुसता येते. माणसांचं तसं नाही. 2020 साली करोनाच्या दिवसांत आपल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना देशात ठिकठिकाणी 'चायनीज', 'कोरोना' म्हणून हिणवलं गेलं. ती मुलं आपल्याच देशाची. आणि चीनची असती तरी काय? साथ काही त्यांनी आणली नव्हती. आपली मुलं-नातवंडं परदेशात शिकतात, नोकऱ्या करतात. तिथे कुणी त्यांना आधीच ठरवलेलं लेबल लावलं, की आपला जीव तुटतो. मग इथे लोकलमध्ये समोर बसलेल्याला आपण ते का लावावं? वस्तू घेताना ती कुठली ते जरूर बघावं. माणसाला मात्र आधी नाव विचारावं.

असो. तुमच्या घरात देशांच्या नावांवरून पडलेले असे कुठले शब्द होते? आठवले तर जरूर कळवा.