किशोरवयीनांचे प्रजनन आरोग्य : शिक्षण आणि सेवा (महाराष्ट्र)

वयात येणाऱ्या मुलामुलींना पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन, लिंगसांसर्गिक आजार आणि संमती यांची वयाला साजेशी माहिती देणे, आणि त्यासंबंधीचा सल्ला व उपचार त्यांच्या आवाक्यात आणणे, अशी या विषयाची दोन अंगे आहेत. महाराष्ट्रात पहिले शाळेच्या वाट्याला आले, दुसरे आरोग्य खात्याच्या. र. धों. कर्वे यांनी मात्र ही फारकत केली नव्हती. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. जो माणूस समजावून सांगत होता, तोच साधनेही देत होता. पुढे ही सांगड सुटली. तरुणांना माहिती कमी पडते हे खरेच, पण त्याहून जास्त कमी पडतो तो भरवसा, आणि सेवा ओस राहतात त्या त्यामुळे.

लैंगिक शिक्षणाने मुले बिघडतील, हा आक्षेप जुना आहे. 2007 मध्ये याच विरोधातून राज्यातील शाळांमधले हे शिक्षण थांबवण्यात आले. पालकांची काळजी खोटी नव्हती, पण तिला पुराव्याचा आधार नाही. युनेस्कोने जगभरातील अभ्यास तपासले, तेव्हा अशा शिक्षणामुळे लैंगिक संबंध लवकर सुरू होतात असे आढळले नाही. पुरावा घराजवळचाही आहे. पैठण तालुक्यातील पाचोड परिसरातील गावांत इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने मुख्यतः शाळा सुटलेल्या मुलींसाठी वर्षभर जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी तासभर, आणि शिकवायला गावातल्याच शिकलेल्या बायका. 1997 ते 2001 या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय 16 वरून 17 वर गेले. एक वर्ष थोडे वाटेल. पण सोळाव्या वर्षी बाळंत होणे टळले, तर त्या मुलीच्या रक्तक्षयापासून बाळाच्या वजनापर्यंत बरेच काही बदलते.

‘लग्नाआधी या गोष्टी कशाला’ असे विचारणारे एक विसरतात, की येथे लग्नच लवकर होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) राज्यातील 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ऊसतोडीच्या पट्ट्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची उचल त्यावरच मिळते. सहा महिने फडावर जाताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न आईबापांपुढे असतोच, म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. अशा मुलीला पहिले मूल लांबवण्याचा सल्ला हवा असतो. 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालील ‘मैत्री’ क्लिनिके त्यासाठीच आहेत. पण तिथवर पोचायचे तर आधी केसपेपर काढावा लागतो. खिडकीतून नाव, वय, गाव मोठ्याने विचारले जाते, मागे रांगेत शेजारची काकू उभी असते. सतरा वर्षांची मुलगी वय एकोणीस सांगते, नाहीतर आल्या पावली परत जाते.

कायद्याने हा पेच आणखी घट्ट केला. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हाच, आणि तो कळल्यावर पोलिसांना न कळवणाऱ्या डॉक्टरलाही शिक्षा. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पवयीन पत्नीशी संबंधालाही सूट उरली नाही. गुप्तता पाळली तर अत्याचार दडपले जातील, हा गुप्ततेच्या मागणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. अत्याचार करणारा पुष्कळदा घरातलाच असतो, त्यामुळे हा आक्षेप हलकेपणाने झटकता येत नाही. तरीही अत्याचार उघडा पडायला मुलगी दवाखान्यात यावी लागते आणि तिने बोलावे लागते; पोलिसांच्या धास्तीने ती आलीच नाही, तर संमतीने संबंध ठेवलेली आणि छळ सोसणारी अशा दोघीही भोंदूच्या किंवा औषधांच्या दुकानाच्या दारात जातात. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची खबर द्यायची, पण तिने आणि पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. गुन्ह्याची नोंद आणि मुलीचे नाव वेगळे ठेवता येते, हे या निकालाने मान्य केले. केसपेपरच्या खिडकीवर मात्र ते अजून झिरपलेले नाही. आणि गर्भपाताच्या संमतिपत्रावर सही आजही पालकाचीच लागते.