टूली लेक ते हेलसिंकी : टॉमी कोनो यांच्या कारकीर्दीचा एक विचार

हेलसिंकी येथील १९५२ चे ऑलिंपिक सामने मराठी वाचकांच्या स्मरणात राहिले आहेत ते गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकामुळे. त्याच जुलै महिन्यात भारोत्तोलनाच्या लाइटवेट गटात, म्हणजे ६७.५ किलोपर्यंत देहभार असलेल्यांच्या गटात, टॉमी कोनो या अमेरिकन तरुणाने सुवर्णपदक जिंकले. प्रेस १०५, स्नॅच ११७.५ आणि क्लीन अँड जर्क १४० अशी त्यांची बेरीज ३६२.५ किलो झाली. दुसरा आलेला सोव्हिएत स्पर्धक लोपातिन १२.५ किलोंनी मागे राहिला. क्रीडाविषयक ग्रंथांना एवढी नोंद पुरते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यामागील दहा वर्षांकडे वळले पाहिजे.

कोनो यांचा जन्म २७ जून १९३० रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे एका जपानी कुटुंबात झाला. बालपण दम्याने ग्रासलेले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना घरादारांतून उठवून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. कोनो कुटुंब उत्तर कॅलिफोर्नियातील टूली लेक छावणीत गेले. तेथील कोरड्या हवेत मुलाचा दमा हटला आणि छावणीतील शेजाऱ्यांमुळे डंबेल्स प्रथम त्याच्या हाती आली.

येथून पुढे एक सोयीस्कर कथा तयार होते. काटेरी कुंपणाने दुबळ्या मुलाला जगज्जेता केले, ही ती कथा. ती ऐकावयास गोड आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे. हवा कोरडी होती हे खरे. परंतु हवा शासनाने निर्माण केली नव्हती, आणि डंबेल्स दिली ती स्थानबद्धांनीच. एखाद्या अन्यायातून काही चांगले निष्पन्न झाले हे कारणमीमांसेचे विधान आहे. त्या अन्यायाचे समर्थन त्यात शोधणे ही विचारातील गल्लत होय. त्याच छावणीत १८,००० हून अधिक माणसे एका वेळी कोंडलेली होती. त्यांतील किती जणांच्या आयुष्याची घडी विस्कटली, हे या एका पदकावरून कळत नाही.

आणखी एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. जपानमधून आलेल्या पहिल्या पिढीला अमेरिकन नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग खुला करणारा कायदा, अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून, २७ जून १९५२ रोजी संमत झाला. कोनो यांना त्याच दिवशी बावीस वर्षे पूर्ण झाली. कायदा अमलात आला तो मात्र २४ डिसेंबरला. म्हणजे जुलैत हेलसिंकीला ते अमेरिकेच्या नावाने वजन उचलीत होते, तेव्हा त्या पिढीला नागरिकत्वासाठी अजून पाच महिने थांबावयाचे होते!

पुढील काळात शीतयुद्धाने भारोत्तोलनाच्या मंचालाही रणांगण केले आणि कोनो यांचे मोल वाढले. संघाला ज्या गटात गरज असेल त्या गटासाठी ते आपले वजन वाढवीत वा उतरवीत. १९५३ ते १९५९ या काळात त्यांनी सहा जागतिक अजिंक्यपदे मिळविली. ती ७५ आणि ८२.५ किलो अशा दोन गटांत विभागलेली आहेत. १९५६ मध्ये मेलबर्न येथे ते ८२.५ किलो गटात उतरले आणि ४४७.५ किलोंच्या बेरजेने त्यांनी दुसरे ऑलिंपिक सुवर्ण मिळविले. त्या वर्षी भारोत्तोलनात अमेरिकेला चार सुवर्णपदके मिळाली, सोव्हिएत संघाला तीन. हे एक पदक उलट बाजूस गेले असते, तर पारडे फिरले असते. १९६० मध्ये रोम येथे मात्र ७५ किलो गटात कुरिनोव्हने त्यांना दहा किलोंनी मागे टाकले. चार वजनगटांत मिळून त्यांच्या नावावर २६ जागतिक विक्रम आहेत. त्यांपैकी प्रेसचे विक्रम आता केवळ दप्तरी उरले आहेत, कारण १९७२ नंतर हा प्रकार स्पर्धेतून वगळण्यात आला.

पुढे ते मेक्सिको, पश्चिम जर्मनी आणि अमेरिका यांच्या ऑलिंपिक संघांचे प्रशिक्षक झाले. २०१६ मध्ये होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. स्थानबद्धतेबद्दल अमेरिकन शासनाने रीतसर क्षमायाचना केली आणि हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धास २०,००० डॉलर देऊ केले ते १९८८ च्या कायद्याने. कोनो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि हेलसिंकीला छत्तीस वर्षे उलटली होती.