घटनेतील अर्धे वाक्य

शासकीय सेवेत असताना आम्हांस एक अनुभव वारंवार येई. मूळ नियम उदार असे आणि त्यासोबतचा छापील अर्ज मात्र कृपण. नियमाने दिलेला हक्क अर्जात रकाना नाही म्हणून अडून राही. आणि काही वर्षांनी असा हक्क मुळात नव्हताच, असे सर्वांस वाटू लागे. संगणकाच्या जगातही हेच घडले, हे वाचून आम्हांस नवल वाटले नाही. ते दुरुस्त कसे झाले, याचे मात्र वाटले.

डेबियन ही संगणक चालवणारी मूलभूत प्रणाली. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली तिचा आरंभ केला. ती कोणा कंपनीची मालमत्ता नाही. देशोदेशीचे स्वयंसेवक ती घडवतात. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. परंतु मूळ भांडारात भर घालण्याचा अधिकार असा सरसकट देता येत नाही, कारण तेथे ठेवलेली वस्तू जगभरच्या असंख्य यंत्रांत उतरते. डिसेंबर १९९८ मध्ये या मंडळींनी लेखी घटना संमत केली, आणि मतदान, दरवर्षी नेत्याची निवड हे सारे अधिकार ‘डेव्हलपर’ या एका शब्दाच्या स्वाधीन केले.

हा डेव्हलपर कोण? घटनेचे उत्तर दुहेरी होते. ‘पॅकेज’, म्हणजे यंत्रात बसवण्याजोगी तयार केलेली आज्ञावली, सांभाळणारा. किंवा नेत्याच्या प्रतिनिधींस मोलाचे वाटेल असे अन्य उपयुक्त काम करणारा. व्यवहारात चालला तो मुख्यतः पहिला भाग. १९९९ मध्ये नवी भरती थांबली आणि २००० मध्ये नव्या पद्धतीने सुरू झाली. जुन्या सदस्याने ओळखपत्र पाहून उमेदवाराच्या सांकेतिक किल्लीस दुजोरा द्यायचा, मग तत्त्वांची व कौशल्याची परीक्षा. कौशल्य बहुधा पॅकेज बांधण्याचे! माहितीपुस्तिका लिहिणारे, भाषांतर करणारे यांच्यासाठी रुळलेली वाट नव्हती.

हे आपल्यापासून फार दूरचे नव्हे. फेब्रुवारी २००९ मध्ये निघालेल्या ‘लेनी’ या आवृत्तीत, प्रणाली बसवताना निवडावयाच्या भाषांत मराठीची भर पडली. पडद्यावरची ती वाक्ये कोणी तरी एकेक करून मराठीत आणली असणार. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून भाषा सांभाळणाऱ्या आपल्या घरांना त्या कष्टाचे मोल वेगळे सांगावयास नको. पण केवळ असे काम करणाऱ्यास मताचा हक्क मिळणे अवघडच होते.

२००७ मध्ये एक ठराव झाला. ‘डेबियन मेंटेनर’ असा वर्ग निघाला; त्यास नेमक्या पॅकेजांपुरता भांडारात प्रवेश मिळाला, मत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये, स्टेफानो झाकिरोली नेते असताना, याच्या उलट ठराव आला. पॅकेज न बांधणाऱ्यांनाही डेव्हलपर म्हणून घ्यावे. त्यांस मत असावे, भांडारात प्रवेश मात्र नसावा. एका शब्दात बांधलेले दोन अधिकार असे सुटे झाले. यासाठी घटनेचे एक अक्षरही बदलावे लागले नाही. वाक्याचा दुसरा अर्धा भाग बारा वर्षे तेथेच होता.

ठरावावर मत देणारे अर्थातच आधीचे डेव्हलपर होते. आपल्या मताचे वाटेकरी त्यांनी आपल्याच मतांनी वाढवून घेतले.