बारा ओळींचा कागद

स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी माझ्याकडून लेख मागितला तेव्हा खरे म्हणजे नारळाच्या वड्यांची कृती लिहून द्यावी असे मनात होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु दिवाळीत भाचीकडे गेले असताना तिने एक चित्रपट दाखवला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. ‘गेट’ हे त्याचे नाव. इस्रायलमधील रोनित एल्काबेत्झ ही नटी आणि तिचा भाऊ श्लोमी या दोघांनी तो २०१४ साली काढला. खाली इंग्रजी ओळी येत, त्या वाचून भाची मला अर्थ सांगत होती.

गोष्ट एवढीच, की व्हिव्हियन नावाच्या बाईला नवऱ्यापासून फारकत हवी आहे आणि नवरा देत नाही. न्यायालयाची खोली आणि बाहेरचा बाक यांपलीकडे चित्रपट जातच नाही. अशी पाच वर्षे जातात. नवरा मारकुटा नाही, दारुडा नाही. त्यामुळे न्यायाधीशांना वाटते, मग बाईचे दुखणे तरी काय? हे ऐकून मी आणि भाची एकमेकींकडे पाहू लागलो.

‘गेट’ म्हणजे ज्यू लोकांची सोडचिठ्ठी. बारा ओळींचा कागद. तो नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या हातात द्यायचा असतो. न्यायाधीश त्याला समजावतील, दटावतील, पण त्याच्या वतीने स्वतः तो देऊ शकत नाहीत. तो न मिळालेल्या बाईला त्यांच्याकडे ‘अगुना’, म्हणजे साखळीने बांधलेली, म्हणतात. इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यू लोकांची लग्ने आणि घटस्फोट धर्मन्यायालयाच्याच हाती आहेत. पुढे १९९५ साली हटवादी नवऱ्याचा पासपोर्ट अडकवण्याची, त्याला तुरुंगात टाकण्याचीही तरतूद झाली. तरी कागद त्यानेच द्यायचा.

हे सारे परक्यांचे, आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या मुलुंडपासून हाकेच्या अंतरावर, ठाण्याला, १८७९ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. कोकणातले बेने इस्रायल ते हेच. पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले असे ते सांगतात. तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, आणि बोली आपलीच. आमच्या जुन्या चाळीत या समाजाच्या एक काकू होत्या. त्यांच्याकडचा मलिदा, पोहे, नारळ आणि फळांचा, आम्ही मुली वाटीवाटीने खात असू. त्या वेळी काही विचारावे हे सुचले नाही.

१९४८ नंतर यांच्यातले पुष्कळ लोक इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या वाट्याला काय यावे? १९६२ साली तिथल्या धर्मगुरूंनी फर्मावले की बेने इस्रायलांशी लग्न जुळले तर त्यांच्या आधीच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका अशी, की कोकणात शेकडो वर्षे एकट्या राहिलेल्या या लोकांना गेटचे नियम ठाऊक नसतील. मग कोणा पणजीची फारकत शास्त्राप्रमाणे झालेली नसली, तर तिच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांचे काय? कोकणातल्या पणजीच्या न मिळालेल्या कागदाची किंमत सातासमुद्रापार नातीने द्यायची! पण लोक गप्प बसले नाहीत. सत्याग्रह केले, ठाण मांडले. अखेर १९६४ साली तिथल्या लोकसभेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानले आणि ते फर्मान मागे घ्यावे लागले.

आपल्याकडे पारशांना, ख्रिश्चनांना घटस्फोटाचे कायदे झाले. ज्यूंसाठी निराळा कायदा झाला नाही. तेव्हा मुंबई हायकोर्टानेच, १९२६ च्या अहवालात छापलेल्या एका निकालात, ज्यू पतिपत्नींचा असा दावा ऐकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ठरवले. १९७९ सालीही तेच मत धरले.

याच हायकोर्टाची दुसरी आठवण निराळी आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई नवऱ्याकडे जाईना म्हणून त्याने १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, तो फिरला आणि १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग पत्करीन. पुढे दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले आणि ती विलायतेहून डॉक्टर होऊन आली.

आमच्या माईआजीला मात्र कोर्ट म्हणजे काय हेही माहीत नव्हते. ही माझ्या आजीची धाकटी बहीण. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले आणि दुसरी केली. तेव्हा त्याला बंदी नव्हती. मुंबई प्रांतात द्विभार्येला बंदी १९४६ साली आली आणि हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ साली. कित्येक जातींत काडीमोड होती, पण आमच्यात तीही नव्हती. कायदा आल्यावर कोणी तिला सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी भावांनी खर्च केला असता असे मला वाटत नाही. चाळीस वर्षे ती भावाच्या स्वयंपाकघरात राहिली. मंगळसूत्र गळ्यात, कुंकू कपाळी. हळदीकुंकवाला बोलावत, पण तिच्याशी कोणी जास्त बोलत नसे.

मग एके दिवशी तिकडून पोस्टकार्ड आले की ते गेले. माईआजी भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, भाजू दिली, उतरवली. नंतर न्हाणीघरात जाऊन कुंकू पुसून आली.