अरबी समुद्र न सोडणारा देवमासा

देवमासा हा मासा नव्हे. फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे. देवमाशांचे दोन मुख्य गट आहेत. दात असलेले देवमासे भक्ष्य हेरून पकडतात. त्यांपैकी स्पर्म देवमासा माकुलांच्या शोधात अतिशय खोल बुडी मारतो. दुसऱ्या गटाला दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून माणसाच्या नखांसारख्याच द्रव्याच्या झालरदार पट्ट्या लोंबतात. तोंडभर पाणी घ्यायचे, पट्ट्यांमधून ते बाहेर रेटायचे आणि आत अडकलेले जीव गिळायचे, अशी त्यांची खाण्याची तऱ्हा. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, पोसला जातो तो कोळंबीसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या क्रिलवर!

हंपबॅक हा याच गटातला. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडील थंड पाण्यात पोटभर खातात आणि हिवाळ्यात विणीसाठी उष्ण समुद्रात येतात. तेथे बहुतेक काळ ते उपाशीच असतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र याला अपवाद आहेत. ते ध्रुवांकडे जातच नाहीत. अन्न आणि वीण, दोन्हीसाठी हाच समुद्र त्यांना पुरतो आणि त्याचे श्रेय मोसमी वाऱ्यांना. नैर्ऋत्येचे वारे ओमानच्या किनाऱ्याजवळील वरचे पाणी दूर लोटतात. त्याच्या जागी खोलातले थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते, त्यात प्लवक वाढते आणि त्यावर तारलीसारखे मासे व क्रिल पोसले जातात. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह दक्षिणेकडील हंपबॅकांपासून सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला.

या एकाकीपणातच खरा धोका आहे. येथे देवमासे घटले, तर ती तूट भरून काढायला बाहेरून कोणी येत नाही. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. ही नोंद कित्येक वर्षे दडवलेली होती. ती उजेडात आली १९९० च्या दशकात. व्यापारी शिकारीवरील जागतिक बंदी १९८६ पासून लागू झाली खरी, पण या समूहाचे नुकसान त्याआधीच होऊन चुकले होते. छायाचित्रांवरून ओळख पटवून केलेल्या गणनेत ओमानच्या किनाऱ्यालगत शंभराहूनही कमी हंपबॅक असल्याचा अंदाज निघाला.

आता भाल्याची जागा जाळ्यांनी घेतली आहे. तरंगत्या जाळ्यांत गुरफटलेला देवमासा श्वासासाठी वर येऊ शकला नाही, तर बुडून मरतो. सुटला तरी दोर शेपटीत रुततो. ओमानमध्ये तपासलेल्या हंपबॅकांपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या अंगावर अशा अडकण्याचे व्रण आढळले. त्याशिवाय हा समुद्र म्हणजे तेलवाहू आणि मालवाहू जहाजांचा राजमार्ग. जहाजाची धडक प्राणघातक ठरते आणि इंजिनांचा सततचा आवाज नरांच्या दूरवर ऐकू जाणाऱ्या गाण्यात अडथळा आणतो.

हे देवमासे ओमानचेच, असे समजण्याचेही कारण नाही. २०१७ मध्ये ओमानजवळ ‘लुबान’ नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. अरबी समुद्र ओलांडून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आली, दक्षिणेस मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. भारतात देवमाशांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. पण समुद्रात सोडलेल्या जाळ्याला तारली कोणती आणि लुबान कोणती, हे कळत नाही.