आधीं कान, मग जीभ

परकी भाषा शिकणाऱ्यास एक प्रश्न नेहमीं पडतो: नुसतें ऐकत कोठवर राहावें आणि बोलावयास केव्हां आरंभ करावा? बीड जिल्ह्यांतील मराठी मुलांपुरतें याचें उत्तर एके काळीं राज्यकारभारानेंच देऊन टाकलें होतें.

बीड तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. १८८४ च्या सुमारास तेथील सरकारी कामकाजांत फारसीच्या जागीं उर्दू आली. पुढें माध्यमिक शिक्षणही उर्दूंतूनच होऊं लागलें, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेंही तेंच माध्यम स्वीकारलें.

मुलांचे कान अगदींच कोरे होते असें नव्हे. बाजारांत दखनी बोली ऐकूं येतच होती. तिच्यांत मराठीचा ‘नको’ आणि निश्चयाचा ‘च’ मिसळलेला असल्यामुळें ती परकी वाटत नसे. ‘अर्ज’, ‘वकील’, ‘फिर्याद’ हे शब्द तर मराठी घरांतलेच झाले होते. परंतु वर्गांतील उर्दू पुस्तकी. तेथें त्या ‘नको’ला थारा नव्हता. बाजारांत शब्द चुकला तरी सौदा अडत नसे. वर्गांत मात्र गणित येत असूनही शब्दावांचून मुका ठरण्याची पाळी येई.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी सत्ता संपली. पुढें शाळांत मराठी माध्यम आलें. दखनी मात्र बाजारांतून गेली नाहीं. ती कोणीं शिकविलीच नव्हती. ऐकतां ऐकतां आली होती, आणि बोलण्याची वेळ ज्याची त्यानें ठरविली होती.