मांजर, माती आणि एक चुकलेला निष्कर्ष

आमच्या घरी एक बोका आहे. घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे तो बाहेर जात नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मातीचा एक पसरट ट्रे ठेवलेला असतो आणि त्याचे सर्व विधी तिथेच उरकतात. चार वर्षे एकदाही न चुकलेल्या या बोक्याने एके दिवशी गादीवर लघवी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही रागावलो, त्याला गॅलरीत कोंडले. हा खोडसाळपणा आहे, असे आम्ही ठरवूनच टाकले होते. चौथ्या दिवशी पशुवैद्यांनी पोट चाचपून सांगितले, की मूत्राशयाला सूज आहे, लघवी करताना त्याला दुखते आहे. संशोधन हाच व्यवसाय असलेल्या आम्ही पुरावा न तपासता निकाल दिला होता! पुढे या विषयाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की ही चूक आमच्या एकट्याची नाही.

मुळात मांजर मातीत विधी करून तो झाकते कशासाठी? आपल्या घरगुती मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशात राहणारी रानमांजरे. माणसाशी त्यांचा सहवास फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. कोरड्या प्रदेशातील प्राण्याला पाणी जपून वापरावे लागते, म्हणून मांजराचे मूत्रपिंड अतिशय संहत लघवी तयार करते. तिच्यात युरिया भरपूर असतो. जिवाणू त्याचे विघटन करून अमोनिया बनवतात आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो. मोकळी माती उकरणे, विधी करणे आणि वर माती ओढणे ही वर्तणूक मांजराच्या पिलाला कोणी शिकवावी लागत नाही. आपण फक्त मातीची जागा ठरवून देतो. म्हणजे 'आम्ही मांजराला शिस्त लावली' हे श्रेय आपण घेतो, ते बरेचसे फुकटचे आहे!

ही जागा घरात आली कशी, याची कथा मोठी गमतीची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत घरातल्या मांजरासाठी वाळू, राख किंवा कागदाचे तुकडे वापरत. 1947 सालच्या हिवाळ्यात मिशिगन राज्यात एका बाईंचा वाळूचा ढीग गोठून गेला. राख वापरावी, तर मांजराच्या काळ्या पावलांचे ठसे घरभर उमटत. त्यांनी शेजारच्या एडवर्ड लोव या तरुणाकडे वाळू मागितली. लोव यांच्या वडिलांचा धंदा कारखान्यांना शोषक पदार्थ पुरवण्याचा होता. लोव यांनी वाळूऐवजी, जमिनीवर सांडलेले तेल टिपण्यासाठी वापरतात ती दाणेदार माती दिली. ती इतकी पसंत पडली, की लोव यांनी तिच्या पिशव्या भरून 'किटी लिटर' या नावाने विकायला काढल्या. फुकट मिळणाऱ्या मातीला पैसे कोण देणार, अशी शंका दुकानदाराला आली. लोव म्हणाले, मग फुकट वाटा. गिऱ्हाइके परत आली ती पैसे घेऊनच.

ही माती आपल्याला परकी नाही. इंग्रजीत जिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात, तीच आपली मुलतानी माती. फुलर म्हणजे लोकरीचे कापड धुऊन घट्ट करणारा कारागीर. लोकरीतला तेलकटपणा काढायला तो ही माती वापरी. आपल्याकडे त्याच गुणासाठी ती चेहऱ्याला आणि केसांना लावतात. तिच्यातील खनिजांचे कण अतिशय बारीक आणि सच्छिद्र असल्याने थोड्याशा मातीचेही एकूण पृष्ठफळ फार मोठे असते. त्यावर पाणी, तेल आणि अमोनियासुद्धा धरून ठेवला जातो. पुढे 1980च्या दशकात थॉमस नेल्सन या जीवरसायनतज्ज्ञाने बेंटोनाइट ही दुसरी माती पुढे आणली. तिच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरले, की ती फुगते आणि ओल्या भागाचा गोळा होतो. तेवढाच गोळा उचलून टाकता येतो.

या मातीमुळे मांजर घरातच ठेवणे सोपे झाले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. बाहेर हिंडणारे मांजर कुठे, किती वेळा आणि कुंथत लघवी करते का, हे कोण पाहणार? ट्रे घरात आल्यावर मांजराचे चुकणे प्रथमच माणसाच्या नजरेला पडू लागले. वारंवार लघवीला जाणे, कुंथणे, लघवीतून रक्त पडणे, भलत्या जागी लघवी करणे या सर्व लक्षणांना 1970 साली एकच नाव देण्यात आले : 'फेलाइन युरॉलॉजिक सिंड्रोम'. नाव मिळाले, की कारण कळल्यासारखे वाटते. पण हे नाव म्हणजे लक्षणांचे गाठोडे होते.

काही मांजरांच्या मूत्राशयात मॅग्नेशियमयुक्त स्ट्रुव्हाइटचे खडे सापडत. म्हणून दोष आहारावर आला. 1980च्या दशकात कारखान्यांनी मांजरांच्या खाद्यातील मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्लधर्मी राहील अशी योजना केली. स्ट्रुव्हाइटचे खडे खरोखरच कमी झाले. मात्र पुढील काळात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या खड्यांचे प्रमाण वाढले. शिवाय मूळ कोडे सुटले नव्हतेच. त्रास असलेल्या बहुसंख्य मांजरांत ना खडा सापडे, ना जंतुसंसर्ग.

ओहायो राज्य विद्यापीठातील पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी 1990च्या दशकात या उरलेल्या मांजरांकडे लक्ष दिले. माणसांतही मूत्राशयाचा असाच एक वेदनादायक विकार आहे आणि त्यातही जंतू सापडत नाहीत, हे साम्य त्यांनी पुढे मांडले. बिघाड केवळ मूत्राशयात नसून ताणाला प्रतिसाद देणाऱ्या चेतासंस्थेशीही त्याचा संबंध आहे, असे पुरावे जमू लागले. 2011 साली स्टेला, लॉर्ड आणि बफिंग्टन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 12 निरोगी आणि 20 विकारग्रस्त मांजरांवर त्यांनी 77 आठवडे लक्ष ठेवले. देखभाल करणारी व्यक्ती बदलली, वेळापत्रक विस्कटले, असे काही झाले, की मांजरे कमी खात आणि ट्रेबाहेर विधी करीत. विशेष म्हणजे यात निरोगी मांजरेही होती!

म्हणजे 'मांजर ट्रे का वापरत नाही?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विचारण्याचा क्रम मात्र ठरवता येतो. पहिला प्रश्न दुखण्याचा. मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, बद्धकोष्ठ, म्हातारपणी सांधे दुखून उंच काठ ओलांडता न येणे, यांपैकी काही आहे का? बोका वारंवार कुंथतो पण थेंबही येत नाही, असे असेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत तो दगावतो. तिथे तासाचाही उशीर करू नये. दुसरा प्रश्न ट्रेचा. तो अस्वच्छ, लहान किंवा गोंगाटाच्या जागी आहे का? सुगंधी माती आपल्या नाकासाठी असते, मांजराच्या नव्हे. पीटर बोर्चेल्ट यांनी 1991 साली दाखवले, की मांजरे बारीक, वाळूसारखी माती पसंत करतात. तिसरा प्रश्न घराचा. नवे मांजर, नवे माणूस, बदललेली जागा? घरात जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे जास्त, असा संकेत आहे. आणि उभे राहून भिंतीवर मारलेली पिचकारी ही हद्दीची खूण असते. तो वेगळाच विषय.

दुखणे बरे झाल्यावरही काही मांजरे ट्रे टाळतात, कारण ट्रे आणि वेदना यांची सांगड त्यांच्या मनात बसलेली असते. अशा वेळी शिक्षा केली, तर ताण वाढतो आणि ताणाने दुखणे. आमच्या चार दिवसांच्या रागाने नेमके हेच केले असणार. अमेरिकेत या एका कारणासाठी कितीतरी मांजरे प्राणिगृहात सोडून दिली जातात आणि त्यांतील अनेकांना पुन्हा घर मिळत नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. तीन सारख्या वाट्यांत समान वजनाची वाळू, राख आणि मुलतानी मातीचे खडे घ्या. प्रत्येकीत चमच्याचमच्याने पाणी घाला. पाणी वर साचू लागेपर्यंत किती चमचे लागले, हे नोंदवा. खडे विरून चिखल होतो का, तेही पाहा. विकण्याची माती दाण्याच्या रूपात उष्णतेने का वाळवतात, ते मुलांना त्यावरून शोधता येईल. दुसऱ्या दिवशी आमच्या बोक्याची गोष्ट सांगून विचारा : 'आम्ही पहिल्या दिवशी काय काय तपासायला हवे होते?' मुलांची यादी आमच्यापेक्षा लांब निघेल, अशी आमची खात्री आहे.

बोका आता बरा आहे. ट्रेची जागा बदलली आहे, आणि गॅलरीचे दार उघडे असते.